शेवटचीनंतरची

खिडकी घट्ट लाव, यानिरा. वारा आत आला की
नोंदवहीची पानं उडतात, आणि मला वाटतं
पोर्व्हेनीरची बोट आज वेळेआधीच लागली.
मशीन बंद आहे ना? पूर्ण बंद?
चालत्या माणसाचं माप घेता येत नाही,
शिंपी म्हणतो, उभा राहा, पोट सोड.
हिचंही तेच. स्वतःच्या डिस्कवरून उठली
तर निम्म्या फाइली मुठीत आवळून बसते.
म्हणून पेनड्राइव्हवरून उठवायची,
मेमरीत ठोकलेल्या राहुटीतून.
बटण दाबलं की राहुटी उडून जाते,
खुंट्यांची भोकंही मागे राहत नाहीत.

काळा पडदा. बिचकू नकोस.
इथे चित्रं नाहीत, माऊस नाही,
"नक्की ना?" असं विचारणारं कुणी नाही.
तिरकी रेघ, कमांड, कुठून, कुठे, नाव काय.
नावात जागा सोडणार असशील तर अवतरणात घाल,
नाहीतर अर्धंच नाव ऐकेल
आणि उरलेल्या अर्ध्यावरून भांडेल.

थांब. कॅप्चर नको लिहूस.
कॅप्चर म्हणजे कोरी फाइल, पहिलं पान.
आपल्याकडे फाइल आहे, जुनी, जाड.
आपल्याला जोडायचंय. अपेंड.
आणि किती दाबून भरायचं ते विचारू नकोस,
ते पहिल्या दिवशी एकदाच ठरतं,
नंतरच्यांना त्याच घडीत बसावं लागतं.

आता बघ, ही भाबडी नाही.
तेच घड्याळ, तेच फाँट, तोच प्रिंटरचा ड्रायव्हर
चाळीस मशीनवर चाळीसदा असला तरी
ती एकदाच ठेवते. बाकीच्यांना म्हणते,
तुझं माझ्याकडे आहे, आणि नुसती खूण करते.
घेते ते फक्त वेगळं.
एकवीस जीबीची ही मशीन,
फाइल वाढेल तीनशे एमबीनं, पैज लाव.
(मी हे एकदा बायकोला समजावलं.
ती म्हणाली, मग नोल्बेर्तो,
तुझे रोजचे किती एमबी?
मी ताट उचलून मोरीत ठेवलं.)

काय झालं? नाकारलं?
वाच काय म्हणते. नाव आधीच आहे.
तू काय नाव दिलंस... "शेवटची"!
अगं, ती एदेल्मिराची.
निवृत्तीच्या आदल्या गुरुवारी, कोट अंगात घालून,
उभ्या उभ्या केली तिनं, आणि नाव दिलं "शेवटची".
त्यानंतर सहा हिवाळे गेले.
मुलांनी तीन बॅचचे कीबोर्ड झिजवले,
दोन मास्तर पुन्ता अरेनास सोडून गेले,
आणि "शेवटची" मध्येच उभी आहे,
रांगेत आपण शेवटचे समजणाऱ्या बाईसारखी
जिच्या मागे केव्हाच चारजण लागलेत.

यादी काढ. दिसतात ना तीन?
एके काळी चार होत्या.
नौकानयनाचा वर्ग बंद झाला
तेव्हा त्यांची दुसरी मी काढून टाकली.
मागच्या एकेक आकडा पुढे सरकल्या,
जणू कुणी नव्हतंच तिथे.
पण फाइलचं वजन बघितलं तर
तेवढंच. एक बाइटही कमी नाही.
नाव खोडलं की माल जात नाही,
तो राहतो आत, कुणाचाच नसलेला.
सगळं नव्या फाइलीत उपसून भरलं
तरच सुटतो. चार तासांचं काम.
दरवर्षी म्हणतो, उन्हाळ्यात करू.
समुद्राचे नकाशे होते त्यांचे,
आणि कुठल्याशा मुलाचा, अल्दाइरचा,
अर्धवट लिहिलेला अर्ज.

असो. नाव बदल. काहीही दे.
काय लिहिलंस? "शेवटचीनंतरची".
चालेल. एंटर.
चार टक्के. अकरा. आता हात लावू नकोस.
किटली ठेव, आणि ती खिडकी,
अगं, पुन्हा उघडली बघ.